वाळवीचा वाटा

आमच्या ग्रंथपालांकडे पुस्तक मागायला आलेला माणूस आधी स्वतःच तपासला जाई. "कशाला हवंय?" हा पहिला प्रश्न. "वाचायला" असं उत्तर दिलं की काम बिघडलंच. "ते कळलं. वाचून काय करणार?" समोरचा प्राध्यापक असो नाहीतर पहिल्या वर्षाचा पोरगा असो, तो चुळबुळ करू लागे. परीक्षा आहे असं सांगणाऱ्याला सर पाठ्यपुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवत आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. पाठ्यपुस्तक म्हणजे खानावळीतलं जेवण, असं त्यांचं मत होतं. पोट भरतं, पण कुणी रांधलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

विज्ञानशाखेच्या त्या ग्रंथालयात मी त्यांच्या हाताखाली पुस्तकांचं वर्गीकरण करत असे. विद्यापीठ नवं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. मी नगरहून स्टाफच्या बसनं यायची. मी राहायची त्या सावेडीत तेव्हा माणसांपेक्षा बाभळी जास्त होत्या. बस चुकली तरी मला चालायचं, पण उशीर झाल्यावर सरांनी घड्याळाकडे न बघता "या" म्हणणं सोसवायचं नाही. ते रागावत नसत, हीच अडचण होती. रागावलेल्या माणसाला निदान उलटं बोलता येतं.

उंच, किडकिडीत, खांद्यात जरा वाकलेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी रंगाऱ्याचा मऊ ब्रश. लग्न केलं नव्हतं. जामखेडकडच्या खर्डा गावाच्याही पुढच्या कोरडवाहू खेड्यातला माणूस, घरातला शिकलेला तेवढा एकटाच. धाकटा भाऊ दर वर्षी दिवाळीनंतर बायकोमुलांसकट ऊसतोडीला जाई. सर हे कधी लपवत नसत आणि आपण होऊन सांगतही नसत. त्यांच्याकडे देव नव्हता, रेडिओ नव्हता, कुणाच्या लग्नामुंजीला जाणं नव्हतं. त्यांचे नाद दोनच होते, आणि दोन्ही लोकांना हसू येईल असे होते.

पहिला नाद शुद्धिपत्रांचा. नवी पुस्तकं आली की सगळे मुखपृष्ठं बघत, सर शेवटचं पान उघडत. तिथे चुकांची दुरुस्ती छापलेली सापडली की त्यांचा चेहरा खुले. "हा प्रामाणिक माणूस दिसतो," असं म्हणत आणि ते पुस्तक वेगळं ठेवत. मग दिवसभर बसून त्यातली एकेक दुरुस्ती पेन्सिलीनं आत त्या त्या पानावर उतरवत. माझ्या हातात जेवणाच्या सुट्टीत एकदा कादंबरी दिसली. त्यांनी ती घेतली, शेवटचं पान पाहिलं आणि परत दिली. "यात चूक निघाली तर दुरुस्ती कुठे छापतात?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय सांगणार, कपाळ?

दुसरा नाद सांगण्याआधी मागच्या भिंतीच्या घोड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे लाकडी मांडणीला घोडा म्हणत. मागच्या भिंतीला लागून असलेल्या चार घोड्यांवर एका जुन्या परदेशी नियतकालिकाचे बांधीव खंड होते. मातीबद्दलचं संशोधन, गेल्या शतकापासूनचं, सलग. ते विकत आलेले नव्हते. सरांनी ते जमवले होते. एक बंद पडलेलं कॉलेज, एका निवृत्त प्राध्यापकाचा माळा, रद्दीची दुकानं, कुठून कुठून. एखादा अंक कमी पडला तर स्वतःची रजा टाकून ते एसटीनं त्या गावाला जात आणि पिशवीत एक पातळसं चोपडं घेऊन येत. नगरच्या बुकबाइंडरकडे उभं राहून त्यांनी प्रत्येक खंड बांधून घेतला होता. पाठीवर सोनेरी अक्षरं. मधला एकही अंक गहाळ नव्हता. हे सांगताना त्यांच्या आवाजात जे येई ते इतर वेळी कधी येत नसे.

"सर, हे वाचणार कोण?" मी नवी असताना विचारलं होतं.

"येईल कुणीतरी."

"कधी?"

"ते आपल्याला कसं ठाऊक असणार? आलेल्यांसाठी काय, पाठ्यपुस्तकं आहेतच. ग्रंथालय ठेवायचं ते अजून न आलेल्या माणसासाठी. तो एकदाच येतो. त्या दिवशी हे इथं पाहिजे."

त्या खंडांसाठी त्यांचा एक कडक नियम होता. वाचणारा आल्याशिवाय खंड जागचा हलवायचा नाही. जुना कागद, जुनी शिवण, उगाच काढ-घाल केली की ढिली होते. आमचा शिपाई भागाजी पुढून फडकं मारी, तेवढंच. सर रोज सकाळी एकदा तिथं जाऊन उभे राहत, पाठींवरून बोटं फिरवत आणि परत येत. भागाजी मला हळूच म्हणे, "सायबांची पूजा झाली. आता च्या सांगू का?"

आता दुसरा नाद. सरांना वाळवीचं वेड होतं. इतर ग्रंथपाल वाळवीच्या नावानं बोटं मोडतात, आमचे सर तिच्यावर लक्ष ठेवून असत. ग्रंथालयाच्या मागे, कुंपणाच्या अलीकडे एक मोठं वारूळ होतं. इमारत बांधताना मजुरांनी ते फोडलं नव्हतं, न फोडण्याचं कारण अर्थात नागोबा. सर दुपारी तिथं उकिडवे बसत. वाळवीतले कामकरी कोण, शिपाई कोण, फुटलेली भिंत किती वेळात लिंपतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. पुस्तकं खाणाऱ्याची नीट ओळख नसेल तर पुस्तकं राखायची कशी, असा त्यांचा सवाल असे.

औषधी पावडर मारायला त्यांचा ठाम विरोध होता. "ती पानांच्या बेचक्यात बसते. पान उलटायला माणूस बोट जिभेला लावतो," ते म्हणत. न आलेल्या वाचकाच्या जिभेचीही त्यांना काळजी होती. त्याऐवजी त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती. रद्द झालेली पाठ्यपुस्तकं, फाटकी गाइडं ते वारुळाभोवती उथळ पुरून ठेवत आणि वर पाण्याचा शिपका देत. पोट भरलेलं जनावर दुसऱ्याच्या रानात तोंड घालत नाही, हा त्यांच्या गावाकडचा अनुभव. स्टाफमधले लोक याला वाळवीचा वाटा म्हणत आणि रद्दी निघाली की विचारत, "आज नैवेद्याला काय?"

कीटकशास्त्राचे प्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी सरांना माझ्यासमोर दोनदा बजावलं. "अहो, तुम्ही तिला पोसताय. घर वाढलं की भूक वाढते. जनावराचा हिशोब हिला लावू नका."

"दोन वर्षं झाली. एक पान खाल्लेलं दाखवा," सर म्हणाले.

दाखवता आलं नाही. प्रमुख हात जोडून निघून गेले.

नागपंचमीला मजुरांच्या वस्तीतल्या बायका त्या वारुळाला हळदकुंकू वाहायला आल्या, तेव्हा सर खिडकीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. बाहेर जाऊन म्हणाले, "बाई, यात नाग नाही. मी रोज बघतो."

त्यातली एक म्हातारी लाह्या टाकत म्हणाली, "तुमास्नी दिसत न्हाई म्हनून न्हाई व्हय?"

सर परत येऊन खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "म्हातारीचा प्रश्न शास्त्रीय आहे." त्या दिवशी मी मनापासून हसले. आता आठवलं की हसू येत नाही.

पुढचं साल दुष्काळाचं. त्या वर्षी जे या जिल्ह्यात होते त्यांना वेगळं सांगायला नको आणि जे नव्हते त्यांना सांगून कळणार नाही. रस्त्याच्या कडेला मैल मैल माणसं खडी फोडत बसलेली. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. वसतिगृहातली निम्मी पोरं घरी गेली, कुणी परत आली, कुणी आलीच नाहीत. क्वार्टरमध्ये टँकरचं पाणी मापानं मिळे. ग्रंथालयात दिवसभर कुणी येत नसे. सर मात्र वेळेवर दार उघडत, वेळेवर लावत.

वारुळाला पाणी घालणं त्यांनी थांबवलं नव्हतं. उलट वाढवलं होतं. रान वाळलं की वाळवी ओलीच्या शोधात निघते, तिला तिथंच ओल मिळाली तर ती आत येणार नाही, असं त्यांचं गणित. ग्रंथालयाच्या वाट्याचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. स्वतःच्या अंघोळीचं पाणी बादलीतून आणत. अंग ओल्या फडक्यानं पुसत. लोकांच्या चेष्टेत आता कडवटपणा आला होता आणि तो मला चुकीचाही वाटत नव्हता.

अशा एका दुपारी त्यांचा भाऊ आला. मी मागच्या दारात उभी होते. पायांत धुळीचे मोजे घातल्यासारखी धूळ, खांद्यावर रिकामे कासरे. सर पाठमोरे होते, बादली वारुळाभोवती रिती करत होते. भाऊ तिथंच थांबला आणि पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिला.

"आण्णा," तो म्हणाला, "बैलं काल नगरच्या बाजारात दिली."

सर वळले.

"घेनाऱ्यानं दात बघितले न्हाईत. नुस्तं कातडं चाचपलं." त्यानं ओल्या मातीकडे पाहिलं. "वाटंत चार ठिकानी पानी मागितलं त्यांच्यासाठी. कुनी दिलं न्हाई. आन् तुमी हितं मुंग्यास्नी पानी पाजताय."

"हे माझ्या अंघोळीचं पाणी आहे," सर म्हणाले.

"अंघुळीचं बी पानीच आसतं, आण्णा."

सरांनी त्याला जेवून जा म्हटलं. तो नको म्हणाला. बाकावर बसला नाही, माझ्या हातचा चहाही घेतला नाही. कासरे खांद्यावर सारखे करून फाटकाबाहेर गेला. सर रिकामी बादली धरून तसेच उभे. मला वाटलं आता हे बंद होईल. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बादली घेऊन आले. मला त्यांचा खराखुरा संताप आला. मी म्हणाले, "सर, भाऊ काय बोलून गेला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं," ते म्हणाले. "पण आता थांबलो तर ती आत येईल. मग त्याला देता आलं असतं ते पाणीही फुकट आणि हे खंडही गेले."

ती केव्हाच आत आली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकांची मोजदाद असते. त्या वर्षी मागच्या भिंतीपासून सुरुवात करायचं ठरलं. मोजदादीसाठी खंड काढावेच लागतात, तिथे सरांचाही नियम चालत नसे. भागाजी स्टुलावर चढला, वरच्या फळीवरचा पहिला खंड त्यानं ओढला आणि हातात तोलून पाहिला.

"सायेब, ह्ये लई हलकं लागतंय."

सरांनी खाली खंड घेतला आणि उघडला. पुठ्ठा शाबूत होता, सोनेरी अक्षरं शाबूत होती. आत पानांच्या जागी माती होती. कडेकडेला बोटभर रुंदीची छापील पट्टी उरली होती, ती हात लागताच गळाली. भागाजीनं दुसरा काढला. तिसरा. घोड्यामागच्या भिंतीवर गिलाव्यातून वर चढलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या, बाहेर वारूळ होतं बरोबर त्याच बाजूला. त्या नळ्या ओल्या होत्या. एवढ्या दुष्काळात आमच्या भिंतीला तेवढीच एक ओल होती.

मग सरांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. चारही घोडे त्यांनी एकट्यानं उतरवले. प्रत्येक खंड उघडायचा, बघायचा, खाली ठेवायचा. एखाद्यात दहापाच पानं धड निघाली की ती ब्रशनं झाडून वेगळी ठेवत. संध्याकाळी त्या पानांची चळत एका हातात मावेल एवढी झाली. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. असं पूर्वी कधी केलं नव्हतं. ते म्हणाले, "तुमची बस जाईल."

चौकशीला तिघांची समिती नेमली. कीटकशास्त्राचे प्रमुख त्यात होते. आदल्या दिवशी दुपारी ते आपण होऊन ग्रंथालयात आले. सरांना म्हणाले, "हे बघा, दुष्काळात सगळीकडेच वाळवीनं उच्छाद मांडलाय. जमिनीला औषध मारलेलं नव्हतं, तेवढं लिहू. खोटं नाही ते."

"खोटं नाही. अर्धं आहे," सर म्हणाले.

"अहो, उरलेलं अर्धं कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी मी साक्षीला बाहेर बसले होते, दार उघडंच होतं. अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं की काही सांगायचंय का. सर उभे राहिले. "पाणी मी घातलं. खाणं मी घातलं. ती भिंतीपाशी वाढली ती माझ्यामुळे. यांनी मला दोनदा सांगितलं होतं, मी मानलं नाही. माझा समज चुकीचा होता." प्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आणि एक," सर म्हणाले, "पावडर मारू दिली नाही तीही मीच. सगळं लिहून घ्या."

समितीनं ठपका ठेवला, पण काढलं नाही. राजीनामा त्यांनीच दिला. निरोपसमारंभाला ते आले नाहीत. खिशातला ब्रश टेबलावर ठेवून गेले. तो बरेच दिवस तिथं पडून होता, हलवायचं कुणाच्या मनात येईना.

पुढे दुसरे ग्रंथपाल आले, हसतमुख होते. त्यांनी औषध मारून घेतलं, वारूळ काढून टाकलं, मागच्या भिंतीला लोखंडी घोडे लावले आणि त्यांवर पाठ्यपुस्तकं लावली. कुणालाही "कशाला हवंय?" असं विचारणं बंद झालं. काम सोपं झालं, हे मी कबूल करते.

दोनेक वर्षांनी सरांच्या पुतण्याचं पोस्टकार्ड आलं. काका कुणाशी बोलत नाहीत, धड जेवत नाहीत, तुम्ही एकदा येऊन जावं. भागाजीला दाखवलं तर तो म्हणाला, "चला, मी बी येतो." आम्ही जामखेडची एसटी धरली, तिथून खर्डा. तिथला किल्ला मागे टाकल्यावर पुढे पायीच जावं लागलं. त्या वर्षी पीकपाणी बरं होतं. रानात ज्वारी उभी होती.

सर ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते. वाळले होते. आम्हाला बघून उठले, "या" म्हणाले, आणि घडीभर मला तो जुना दरारा वाटला. घरात पुस्तक म्हणून नव्हतं. भाऊ शेतातून आला, आमच्याशी आपुलकीनं बोलला. सरांच्या पुढ्यात त्यानं स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्या दोघांत जुना राग उरलेला दिसला नाही. मग यांना नेमकं काय खातंय, मला कळेना.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग सरांनीच विचारलं, "त्या खंडांची चौकशी करत कुणी आलं तर काय सांगता?"

मी काही बोलायच्या आधी ते पुढे म्हणाले, "रोज एकदा तरी तो डोळ्यापुढं येतो. लांबून आलाय. कुठंतरी वाचलंय त्यानं, की इथं सगळे खंड सलग आहेत. तो विचारतो आणि तुम्ही नाहीत म्हणून सांगता. मग तो पुन्हा एसटी स्टँडवर जातो." दोर वळणं चालूच होतं. "बाकी काही नाही. तेवढं एक जात नाही डोळ्यापुढून."

मी मान खाली घातली. भागाजीला मात्र एकदम हलकं वाटलेलं दिसलं. एवढंच होय, असा त्याचा चेहरा झाला. तो पुढे सरकून ओट्याच्या कडेला बसला.

"सायेब, ह्येच जिवाला लावून घेतलंय व्हय? आवो, कुनी आलंच न्हाई. एक मानूस आला न्हाई इचारत. आईची आन." सर त्याच्याकडे बघत होते. त्याला आणखी जोर आला. "आत्ताचं जाऊ द्या. तुमी हुता तवा तरी कोन येत हुतं? मी फडकं मारायचो न्हवं, मला ठावं हाय. त्या घोड्याकडं कुनी फिरकत न्हवतं. कुनाचं काय बी अडलं न्हाई, सायेब."

"कुणीच नाही?" सरांनी मला विचारलं.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांच्यासमोर ते कुणालाच कधी जमलं नव्हतं. "नाही सर," मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. वळलेला पीळ सुटून उलगडत गेला, तो त्यांनी धरला नाही. "खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "एकानं जरी एक खंड ओढला असता, तरी माती दिसली असती." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. मग ते उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आम्ही निघालो तेव्हा पुतण्यानं हाका मारल्या, पण ते उठले नाहीत.

भाऊ आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आला. एसटीत भागाजी खिडकीपाशी बसला, गुडघ्यावर टोपी काढून ठेवली आणि समाधानानं म्हणाला, "बरं झालं बाई, सांगितलं त्ये. लई दिसांचं वज्झं हुतं सायबांच्या डोस्क्यावर. आता जेवतील बगा."

मी हो म्हणाले.